शेवटचं पान

“चौसष्ट,” ग्रंथपाल काळे यादीवरून नजर न उचलता म्हणाले. “सगळी मागच्या कपाटातली. वैज्ञानिक आणि अद्भुत कादंबऱ्या. बाद करावीत असं सुचवलंय हर्डीकर बाईंनी.”

हर्डीकर बाई म्हणजे मी. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि लोकहित वाचनालयाच्या कार्यकारी समितीवर होते. समितीत आम्ही पाच जण. रविवारी सकाळी अकराला बैठक, साडेअकराला चहा आणि चिवडा, आणि मधल्या अर्ध्या तासात ग्रंथव्यवहार. १९९१ सालची गोष्ट आहे ही.

“कारण?” अध्यक्षांनी विचारलं.

“कारण ती भिकार आहेत,” मी म्हणाले.

“आणि पाच वर्षांत कुणी नेलेली नाहीत,” काळ्यांनी नियम सांगितला. मग त्यांना राहवेना. “म्हणजे बाईंशिवाय कुणी नेलेली नाहीत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एकच सभासद-नंबर आहे. तीनशे सतरा, तीनशे सतरा, तीनशे सतरा.”

“तुम्हीच नेता, आणि तुम्हीच बाद करा म्हणता?” अध्यक्ष हसले.

“मी वाचलीत म्हणूनच म्हणते. न वाचता मत देणारे या खोलीत इतर आहेत.”

हे बोलताना मी पोतनीस वकिलांकडे पाहत होते. पाहण्यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता. ते आता काय बोलतात यावर माझा जीव टांगलेला होता, आणि ते त्या दिवशी आधीच आलेल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते.

हे कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

ती पुस्तकं खरंच भिकार होती. माझं मत आजही तेच आहे. सरकारी भेटीच्या गठ्ठ्यातून ती यायची, दरवर्षी आठ-दहा. त्यातला शास्त्रज्ञ नेहमी विसराळू असे आणि त्याला एक देखणी मुलगी असे, जिला विज्ञानातलं काही कळत नसे, म्हणून नायक तिला चार-चार पानं समजावून सांगे. परग्रहावरचे लोक उतरायचे ते नेमके लोणावळ्याच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवसापासून शुद्ध मराठी बोलायचे. यानाला काय काय बटणं आहेत ते लेखकाला पाठ, पण त्यातली माणसं जेवतात कधी, हे तो विसरलेला. अद्भुत कादंबऱ्या तर विचारू नका. सुरुवातीला एक नकाशा, त्यात नद्या डोंगर चढून जाताहेत. मग एक पोरका राजपुत्र, दंडावर खूण, आणि लेखकाचं घोडं अडलं की कुठल्या तरी गुहेत एक तलवार. एवढ्या तलवारी गुहांमधून कोण ठेवून गेलं हे कुठल्याही कादंबरीत सांगितलेलं नाही.

मग मी का वाचत होते? एकदा वाचून संताप आला म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: “चंद्रावरच्या स्फोटाचा आवाज आसमंतात घुमला म्हणे. चंद्रावर हवा नसते हे माझ्या सातवीतल्या मुलींना माहीत आहे.” पुस्तक परत केलं. पुढच्या आठवड्यात काळ्यांशी बोलता बोलता सहज तेच पुस्तक उचललं, तर माझ्या ओळीखाली बारीक, टोकदार अक्षरात दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं: “आवाज झाला नसता तर म्हातारा मागे वळला नसता. मग पुढची गोष्ट आपण सांगावी.”

मला इतका राग आला की मी तिथेच उभी राहून उत्तर लिहिलं. आठवड्याने त्याला उत्तर आलं. हे सात वर्षं चाललं.

एका कादंबरीत राजाला अदृश्य होण्याची विद्या मिळते. मी लिहिलं: “हा गाढव शत्रूच्या छावणीत जायचं सोडून स्वयंपाकघरात जाऊन बसतो, बायको एकटी असताना काय बोलते ते ऐकायला!” खाली उत्तर आलं: “मीही तेच केले असते.” मी ते पुस्तक शाळेत नेलं होतं. स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यांदा हसले, आणि गणिताच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ताप आला आहे. माझं हसणं त्या शाळेत कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि माझ्या जिभेला घाबरून लोक माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. त्या पेन्सिलवाल्याला मात्र माझी भीती नव्हती. मला तो आवडायला लागला होता. हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

तो कोण, हे मी शास्त्रीय पद्धतीने शोधून काढलं होतं. चिठ्ठ्यांवर माझ्याखेरीज नंबर नाही. म्हणजे तो पुस्तक नेतो, पण नोंद होत नाही. नोंद न करता पुस्तकं नेण्याची सवलत फक्त समितीच्या सभासदांना होती; मी ती कधी घेतली नाही. अध्यक्षांना मोतीबिंदू. डॉक्टर शेटे औषधांच्या जाहिरातींपलीकडे काही वाचत नसत. गुजर व्यापारी, त्यांना पंचांग पुरे. उरले वि. ना. पोतनीस, वकील. पंचेचाळिशीचे, विधुर, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहायचे ते बारीक अक्षरात. ते अक्षर पेन्सिलीच्या अक्षराशी तंतोतंत जुळत नव्हतं, पण शाईत आणि पेन्सिलीत फरक पडायचाच, असं मी स्वतःला समजावलं. एखाद्या लेखकाने असं केलं असतं तर मी त्याची शेवटच्या पानावर सालटी काढली असती.

आणखी एक गोष्ट माझ्यासमोर होती. बांधणीला गेलेलं कुठलंही पुस्तक परत आलं की त्याचं शेवटचं जुनं पान गेलेलं असे आणि नवं कोरं पान लागलेलं असे. या कपाटातल्या पुस्तकांची मात्र दोन-दोनदा बांधणी होऊनही जुनीच पानं राहिली होती. मी त्याला बाइंडरचा हलगर्जीपणा म्हणत असे.

त्या वर्षी ‘प्रकाशवर्षांचा वनवास’ नावाची एक कादंबरी आली. चार माणसं यानात बसून कुठल्याशा ताऱ्याकडे निघालेली. कप्तान रोज पृथ्वीला संदेश पाठवतो, आणि उत्तर यायला चाळीस वर्षं लागणार असतात. मी लिहिलं: “उत्तर आपल्या हयातीत येणार नाही हे माहीत असून जो रोज लिहितो, त्याच्या हाती यान देणाऱ्यांची कीव येते.”

आठवड्याने खाली एकच ओळ होती: “आपण सात वर्षे लिहिता आहात. कोणासाठी?”

मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. उत्तर मला माहीत होतं, पण ते पेन्सिलीने लिहिण्यासारखं नव्हतं. ते तोंडावर सांगायचं होतं, आणि त्यासाठी आधी तोंड पुढे यायला हवं होतं. म्हणून मी प्रयोग योजला. सगळं कपाटच बाद करायचं सुचवायचं. पुस्तकांवर जीव असलेला माणूस गप्प बसणार नाही. पोतनीस बैठकीत उठतील, विरोध करतील, आणि मी माझा प्रस्ताव मागे घेईन. मग चहाच्या वेळी मी त्यांना म्हणेन, “तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.” हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. त्यासाठी मोरपंखी साडीही नेसून गेले होते.

“पोतनीस, तुमचं काय म्हणणं?” अध्यक्षांनी विचारलं.

पोतनिसांनी शेंगदाणा तोंडात टाकला. “टाका की. ते कपाट रिकामं झालं तर कायद्याची जुनी पुस्तकं देतो मी घरची. वाळवी लागायला आलीये.”

“तुम्ही त्यातलं काही वाचलंय का?” माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला.

“मी? परग्रह-बिरग्रह? छे हो बाई. पोरांची पुस्तकं ती. तुम्ही कशा वाचता याचंच मला आश्चर्य वाटतं.” आणि ते इतक्या निर्मळपणे हसले की ते खोटं बोलत नाहीत हे मला लगेच कळलं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांबा, प्रस्ताव मागे घेते. पण कशासाठी, असं त्यांनी विचारलं असतं. मी भिकार म्हटलेली पुस्तकं दोन मिनिटांत चांगली कशी झाली, हे मला त्या पाच माणसांसमोर सांगावं लागलं असतं. मी चहा प्यायले. ठराव एकमताने मंजूर झाला, असं पोतनिसांनी बारीक अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी वाचनालय बंद असे. मंगळवारी सकाळी रद्दीची गाडी येणार होती. माझ्या मनात एवढंच होतं, की निदान त्या पानांवर जे लिहिलंय ते घेऊन यावं. मधल्या सुट्टीत काळ्यांच्या घरून किल्ली आणायला गेले, तर त्यांची बायको म्हणाली, “उघडंच असेल, बाई. सोमवारी बाइंडर असतो ना तिथं.”

सोमवारी बाइंडर असतो, हे मला सतरा वर्षं सभासद असूनही माहीत नव्हतं.

वाचनालयात खळीचा आंबूस वास सुटला होता. मागच्या कपाटापाशी जमिनीवर पोतं अंथरून महिपती जिनगर बसला होता. त्याला मी रस्त्यात पाहिलं होतं, सायकलच्या कॅरियरला पुस्तकांचा गठ्ठा बांधून जाताना. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डाव्या हाताला चौसष्ट पुस्तकांचा ढीग, प्रत्येकाच्या पहिल्या पानावर काळ्यांचा जांभळा ‘बाद’ शिक्का. पुठ्ठे पुन्हा वापरता येतात म्हणून ते सोडवून घ्यायचं काम त्याला दिलं होतं. पण तो पुठ्ठे सोडवत नव्हता. हातात रापी होती आणि एकेका पुस्तकाचं शेवटचं पान तो शिवणीलगत कापून काढत होता.

“अहो, ती पानं का कापताय?” मी ओरडलेच.

त्याने वर पाहिलं. उठला नाही. “आज बंद असतंय, बाई.”

“मी समितीवर आहे. ती पानं मला द्या.”

“ही पानं पुस्तकाची न्हवं. सरकारनं दिल्याली न्हवं.”

“मला माहितीये. त्यांच्यावर लिहिलेलं आहे. ते एका सभासदाचं आहे, त्यांना ती परत द्यायची आहेत.”

“कुठल्या सभासदाचं?”

“ते तुम्हाला काय करायचंय?”

त्याने कानावरची पेन्सिल काढली, उगाच तिचं टोक पाहिलं आणि परत कानावर ठेवली. “मी सभासद न्हाई,” तो म्हणाला.

मला समजायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. समजल्यावर मी जे बोलले, ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, “तुम्ही वाचता?”

“शिवायच्या आदी पानं क्रमानं लागलीत का बघाय लागतंय,” तो शांतपणे म्हणाला. “बघता बघता वाचून हुतंय. सातवी झाल्याय माजी. तुमच्या पोरींस्नी जेवडं कळतंय तेवडं मलाबी कळतंय. चंद्रावर हवा नसती, ते ठावं हुतं मला.”

मी ढिगातल्या वरच्या पुस्तकाची चिठ्ठी उघडून पाहिली.

“तुमी तीनशे सतरा. चिठ्ठीवर दुसरा नंबरच न्हाई, म्हंजी तुमीच. पयल्या वर्सापासनं ठावं हाय.” त्याने कापलेल्या पानांचा गठ्ठा मांडीवर ठोकून सरळ केला. “नवं पान लावायचा हुकूम हाय मला. बांधताना जुनं काढाय लागतंय. ह्या कपाटाचं मी कंदी काढलं न्हाई. काळेसायबांची बोलणी खाल्ली. म्हटलं, बाई लिवतात तवर ऱ्हाऊ दे.”

“महिपती, अहो, मी...”

“शेवटच्याला तुमी जबाब दिला न्हाई. तीन सोमवार उघडून बघितलं. चौथ्या सोमवारी म्हटलं आज असंल. तर सायबांनी ही यादी हातात दिली.” आता त्याचा आवाज चढला. “जबाब सुचला न्हाई तर न्हाई म्हणायचं, बाई. मी काय हसलो नसतो. त्यापायी सगळं कपाट उचलायचं?”

“तसं नाही!” मी म्हणाले. “तुम्ही कोण आहात ते कळावं म्हणून मी हे केलं. बैठकीत तुम्ही बोलाल असं वाटलं.”

“बैठकीत? मी?”

“मला वाटलं, ते पोतनीस वकील आहेत.”

खरं होतं ते, आणि त्याच्यापेक्षा वाईट खोटं मला सुचलं नसतं.

त्याने गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाला, “आसं. आन वकील असतं, तर ऱ्हायली असती का पुस्तकं?”

मी विज्ञानाची शिक्षिका. प्रश्न सोपा होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं. मला ते देता आलं नाही. त्याला ते न देताही मिळालं.

त्याने लोखंडी पट्टी घेतली. पहिलं पान फळीवर ठेवलं, माझ्या ओळी आणि त्याच्या ओळी यांच्या मधोमध पट्टी धरली आणि रापी ओढली. वरचा तुकडा उजवीकडे ठेवला, खालचा डावीकडे. मग दुसरं पान. जिथे आम्ही तीन-चार वेळा भांडलो होतो तिथे त्याने तीन-चार वेळा कापलं. एकही ओळ तुटली नाही. मी उभी होते. त्याने बसा म्हटलं नाही.

“थांबा,” मी एकदा म्हणाले. “मी अध्यक्षांशी बोलते. ठराव फिरवता येईल.”

“बोला की,” तो म्हणाला, आणि हात थांबवून खरंच वाट पाहिली. शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते, ती झाली. अध्यक्षांचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे जाऊन मला सांगावं लागणार होतं, की मी एका माणसासाठी चौसष्ट पुस्तकं रद्दीत काढली आणि तो माणूस निघाला बाइंडर. गावभर झालं असतं. पोतनिसांनी शेंगदाणे खात ऐकलं असतं. मी जागची हलले नाही.

त्याने राहिलेली पानं कापली. उजवीकडच्या तुकड्यांना दोरा बांधून माझ्यापुढे धरले. “तुमचं तुमास्नी. माजं माज्याकडं.”

मी ते घेतले आणि शाळेत गेले. सातवी ब मध्ये त्या तासाला मी काय शिकवलं ते देव जाणे.

मंगळवारी गाडी आली. पुढच्या महिन्यात त्या कपाटात पोतनिसांची कायद्याची पुस्तकं लागली, वाळवीसकट.

ते तुकडे अजून माझ्याकडे आहेत. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, वेळ भरपूर असतो, कधी काढून वाचते. चंद्रावर हवा नसते. हा गाढव स्वयंपाकघरात जाऊन बसतो. नद्या डोंगर चढून जातात. सगळं बरोबर आहे, एकही मुद्दा चुकीचा नाही, आणि एकामागून एक वाचत गेलं की ती बाई नकोशी होते. तिच्याशी कुणी सात वर्षं बोलत होतं, हे त्या तुकड्यांवरून कुणालाही पटणार नाही.

एक करून पाहिलं मी. त्याच वर्षी दिवाळीनंतर सरकारी गठ्ठ्यात पुन्हा एक कादंबरी आली. मंगळावर वसाहत, विसराळू शास्त्रज्ञ, देखणी मुलगी. मी ती नेली, पूर्ण वाचली, आणि शेवटच्या पानावर लिहिलं: “कादंबरी टुकार आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर: आपल्यासाठी. आपण कोण हे माहीत नव्हते तेव्हाही, आणि आता माहीत आहे तेव्हाही.” मग घरी बसून कात्रीच्या टोकाने तिची शिवण उसवली, पानं सैल केली, आणि काळ्यांना म्हणाले, “ही बांधणीला पाठवा. पहिल्याच वाचनात सुटली.”

तीन आठवड्यांनी ती परत आली. पाठीला नवं कापड, टाके घट्ट, कोपरे काटकोनात. तशी सुबक बांधणी मी त्या वाचनालयात दुसऱ्या पुस्तकाची पाहिली नाही. मी काळ्यांसमोरच ती उलटी धरून उघडली.

शेवटचं पान नवं होतं.